नागपूरला समुद्र असतो का?

मुलांच्या कार्टून सिनेमात आईबापांच्या जिवाला जेवढा धोका असतो, तेवढा मोठ्यांच्या मारामारीच्या सिनेमातही नसतो, हे ज्ञान मला सत्तरीत, नातवाच्या कृपेने झाले. १९४२ च्या 'बॅम्बी'त पाडसाची आई शिकाऱ्याच्या गोळीने जाते. १९९४ च्या 'लायन किंग'मध्ये सख्खा भाऊच सिंहाला कड्यावरून लोटतो. १९३७ च्या 'स्नो व्हाइट'मधली चेटकीण तर इतकी भयंकर, की ब्रिटनच्या सेन्सॉरने १९३८ साली मुलांनी मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच ती पाहावी असे ठरवले. (मोठ्या माणसाने कोणाला बरोबर घ्यावे, हे ठरवायचे राहून गेले.)

पण ही विद्वत्ता नंतरची. आधी अपघात झाला.

सून पंधरा दिवसांसाठी नागपूरला माहेरी गेली होती. तिच्या वडिलांचे ऑपरेशन होते. मुलगा दिवसभर ऑफिसात. चार वर्षांचा नातू आमच्या ताब्यात. त्याला मी २००३ सालचा 'फाइंडिंग नीमो' लावून दिला. सिनेमा माशांचा, मासे आपल्याला घाबरतात, आपण माशांना नाही, असा माझा सारस्वती हिशेब!

पाच-एक मिनिटांत एक दातवाला बाराकुडा आला आणि नीमोची आई व चारशेच्या वर अंडी खलास! उरले एक अंडे आणि बाप. मी घाईघाईने रिमोट शोधू लागलो. तो नेहमीप्रमाणे माझ्याच बुडाखाली होता. सापडेपर्यंत शाळा भरली होती, नीमो दंगा करत होता आणि नातू शांतपणे बिस्किट खात होता. पुढे शार्क जबडा वासून आला तेव्हा तर तो खदखदून हसला.

"पोरगा मिलिटरीत जाणार," मी सौ.ला म्हणालो.

"रात्र होऊ दे," ती म्हणाली.

रात्री अकराला अंधारातून आवाज आला, "आजोबा, नागपूरला समुद्र असतो का?"

"छे रे! तिथं कुठला समुद्र?"

इथे मी थांबायला हवे होते. पण तीस वर्षे भूगोल शिकवलेला माणूस अर्धवट उत्तर देऊन झोपूच शकत नाही. "तलाव आहेत मात्र. अंबाझरी, फुटाळा..."

"तलावात मोठा मासा असतो?"

आणि मग जो हंबरडा फुटला, त्याने शेजारचे दिवे लागले. "आई कधी येणार?" एवढा एकच प्रश्न. शार्कची भीती आम्ही मोजत बसलो होतो. त्याच्या मनात सगळा वेळ ती पहिली पाच मिनिटेच चालू होती.

सौ.ने त्याला मांडीवर घेऊन भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट सुरू केली.

"अगं, त्यातही वाघ म्हातारीला खायलाच टपलेला असतो!" मी कुजबुजलो.

"असू दे. म्हातारी घरी परत येते ना?"

मी पाहत होतो. नातवाची मूठ आवळली, की हिचा वाघ पाणी प्यायला निघून जायचा. मूठ सैल झाली, की परत यायचा. अशी सोय सिनेमात नाही. तिथला बाराकुडा कोणाची मूठ बघून येत नाही.

सकाळी व्हिडिओ कॉलवर त्याने आईला बजावले, "तलावाकडे जाऊ नकोस हां." तिला काही कळले नाही, पण तिने कबूल केले. आया शहाण्या असतात.

संध्याकाळी त्याने पुन्हा माशांचा सिनेमा मागितला. मी 'नको' म्हणून पाहिले. ऐकेना. शेवटी लावला. तो माझ्या मांडीवर चढून बसला आणि बाराकुडा यायच्या आधीच त्याने माझ्या डोळ्यांवर हात ठेवला.

"आजोबा, तुम्ही बघू नका. संपलं की सांगतो."

त्याच्या बोटांना बिस्किटाचा वास येत होता. शाळा भरल्याचे ऐकू आले, तरी त्याने हात काढला नाही. मीही काढा म्हटले नाही.