आसनाची उंची

नवी मोटार घेतलेल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, 'कोणती घेतली?' आणि दुसरा, 'केवढ्याला पडली?' 'कशासाठी घेतली?' हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आणि तो कोणी विचारीत नाही हे मोटार घेणाऱ्याच्या दृष्टीने मोठेच भाग्य होय. कारण या प्रश्नाचे खरे उत्तर द्यावयाचे झाले, तर शेकडा नव्वद माणसांची पंचाईत होईल. माझी तर खासच होईल. म्हणून कोणी विचारण्यापूर्वी मी आपण होऊनच ते उत्तर देऊन टाकणार आहे.

डोंबिवलीत राहून मोटार बाळगणे हा एक प्रकारचा वेडेपणाच आहे, असे माझे इतकी वर्षे प्रामाणिक मत होते. ज्या गावाचा प्राण आगगाडीत आहे, त्या गावच्या माणसाला मोटार हवी कशाला? १८५३ साली हिंदुस्थानातील पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदराहून ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणला पोहोचला. तेव्हापासून आमच्या या टापूतील माणसाचे घड्याळ, त्याचे लग्न, त्याची नोकरी, किंबहुना त्याचा स्वभावदेखील आगगाडीनेच घडविला आहे. जलद गाडी मिळाली तर वीस-पंचवीस मिनिटांत ठाणे! तेवढ्यासाठी रस्त्यावर तास-दीड तास धूर खात बसणाऱ्या मोटारवाल्यांची मला मनापासून कीव येई.

माझ्या या मताला पहिला तडा गेला तो २०२५च्या गणेशचतुर्थीला. ठाण्याला नौपाड्यात माझी मावशी राहते. तिच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो आणि आमच्या घरची सारी मंडळी त्या दिवशी तिकडे जेवावयास जातात, असा वर्षानुवर्षांचा रिवाज. आदल्या दिवशी आई सहज म्हणाली, "तुम्ही जा. मी घरीच थांबते. दुधाचा माणूस पैसे न्यायला येणार आहे." दूधवाल्याचे पैसे महिन्याच्या पहिल्या तारखेला देतात, हे माझ्या मागाहून लक्षात आले. मग मी मागचे आठवू लागलो. मे महिन्यात मावसभावाच्या मुलीची मुंज होती, तेव्हा आईला ऊन बाधेल अशी भीती वाटली होती. त्याआधी संक्रांतीला घरात कोणीतरी असावयास हवे होते. हिशेब केला तेव्हा ध्यानात आले, की या दोघी बहिणींची गाठ पडून चौदा महिने उलटून गेले आहेत. आणि या चौदा महिन्यांत आई आमच्या आवाराच्या फाटकाबाहेर क्वचितच पडली आहे.

शेवटची भेट डोंबिवलीतच एका लग्नात झाली होती. परतताना पाऊस होता, म्हणून आम्ही भाड्याची मोटार केली. गाडी देखणी होती, परंतु बुटकी. बसताना आई कशीबशी बसली. मात्र घराशी आल्यावर तिला त्या खोल आसनातून उठताच येईना. गुडघे वाकलेले, हाताला आधार नाही, मागे दुसरी वाहने भोंगे वाजवीत उभी. अखेर मी आणि रस्त्याने जाणारा एक तरुण, अशा दोघांनी तिला दंडाला धरून वर ओढले. आई त्यावर एक अक्षरही बोलली नाही. मीही ती गोष्ट विसरून गेलो. ती विसरली नव्हती. स्टेशनचे जिने तिला आधीच बंद झाले होते; त्या दिवशी मोटारही बंद झाली. राहता राहिली सबबी सांगण्याची कला. आणि ती तिने इतकी उत्तम साधली, की रोज तिच्या हातचा चहा पिऊन लोकल गाठणाऱ्या मला चौदा महिने काही कळले नाही.

मोटार घ्यावयाचे ठरले ते असे. परंतु घरात ही गोष्ट काढताच आईचे गुडघे बाजूला राहिले आणि चर्चा भलतीकडेच वळली. मुलाने पहिल्याच सभेत जाहीर केले की घ्यावयाची तर एसयूव्हीच. बाकी सर्व मोटारी आता इतिहासजमा झाल्या. सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, पण आपल्या आवारात ती मावणार कुठे?" मी तटस्थतेचा आव आणला, पण खरे सांगावयाचे तर माझे मन मुलाच्याच बाजूचे होते. उंच, रुंद छातीची, चार चाकांवर ऐटीत उभी असलेली गाडी पाहिली की कारकुनी करून वाकलेला कणादेखील क्षणभर ताठ होतो. ही गोष्ट कोणी कबूल करीत नाही, इतकेच.

आता 'कॉम्पॅक्ट एसयूव्ही' हा प्राणी मुळात जन्मला कसा, हे पाहू लागलो तेव्हा मोठी गंमत आढळली. तिचा जनक कोणी यंत्रविशारद नसून सरकारी करआकारणी आहे! २००६च्या अंदाजपत्रकात केंद्र सरकारने छोट्या मोटारींवरील अबकारी कर उतरविला. आणि छोटी मोटार कोणती, तर जिची लांबी चार मीटरांहून अधिक नाही आणि पेट्रोलचे इंजिन १२०० घनसेंटिमीटरांच्या व डिझेलचे १५०० घनसेंटिमीटरांच्या आत आहे ती. झाले! सगळ्या कारखानदारांनी आपापल्या गाड्यांच्या शेपट्या छाटून त्यांना चार मीटरांच्या चौकटीत बसविण्याचा सपाटा लावला. आज या वर्गातल्या कित्येक गाड्यांची लांबी ३९९५ मिलिमीटर भरते. पाच मिलिमीटर राखून ठेवलेली ही नम्रता कराच्या भयाने आली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले, त्यांतही ही लक्ष्मणरेषा कायम राहिली: रेषेच्या आत १८ टक्के आणि बाहेर ४० टक्के. मारुतीची ब्रेझा लांबीने चार मीटरांत बसते. परंतु तिचे पेट्रोलचे इंजिन १४६२ घनसेंटिमीटरांचे असल्यामुळे तिची ही सवलत हुकते.

या इतिहासात आमच्या गावालाही एक कोपरा आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीचा एक कारखाना आमच्या वेशीवर, कल्याण-शिळ रस्त्यालगत होता. १९९०च्या दशकात तेथे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या भागीदारीत '३०९' नावाची मोटार तयार होई. ती भागीदारी फार काळ टिकली नाही. 'प्रीमियर मैदान' हे नाव मात्र राहिले आहे. याच प्रीमियरने २००९ साली 'रिओ' नावाची गाडी बाजारात आणली आणि चार मीटरांच्या आतली आपल्याकडील पहिली एसयूव्ही म्हणून तिचा उल्लेख केला जातो. ती फारशी चालली नाही. पुढे २०१३ साली फोर्डची इकोस्पोर्ट आली आणि मग या जातीच्या गाड्यांचे पीकच आले. ज्या कंपनीने ही वाट आधी चोखाळली तिला यश मिळाले नाही, आणि जिने तिचा राजमार्ग केला त्या फोर्डनेही २०२१ साली हिंदुस्थानातील उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले. पायवाट पाडणारा एक आणि तिच्यावरून गाडी हाकणारा दुसराच, हा न्याय मोटारींनाही लागू असावा.

प्रीमियरचीच जुनी पद्मिनी आठवून पाहा. तिची लांबी ३.९३ मीटर, म्हणजे आजच्या या गाडीहून अवघी चार बोटे कमी. रुंदी मात्र दीड मीटरच्याही आत; आणि आजची गाडी सुमारे पावणेदोन ते एक मीटर ऐंशी सेंटिमीटर. लांबीला कराचा धाक आहे. रुंदीला कोणाचाच नाही. पन्नास वर्षांत मोटार एका फुटाने रुंदावली. आमच्या रामनगरातली गल्ली रुंदावली नाही. तेव्हा तो एक फूट नेमका कोणाच्या वाट्यातून घेतला? पायी चालणाऱ्याच्या. उद्या आपणही तो घेणार, हा विचार माझ्या मनाला बरेच दिवस डाचत होता.

दुकाने पाहावयास निघालो तेव्हा खिशात शिंप्याची फीत घेतली होती. घरी आईच्या पलंगाच्या पायांखाली सुताराने लाकडी ठोकळे बसविले आहेत. त्यामुळे तो चोवीस इंच उंच झाला असून आई त्यावरून कोणाच्या आधारावाचून उठते. माझे माप तेवढेच. विक्रेता मोठा हुशार होता. तो छपरातली सरकती खिडकी उघडून दाखवी, पडद्यावर बोट फिरवून गाणी लावी. आणि मी वाकून आसनाची उंची मोजी. आईला एका गाडीत बसविले तेव्हा तो अदबीने म्हणाला, "आजी, वर आकाश बघा ना, किती छान दिसतंय." आई म्हणाली, "आकाश नंतर बघते रे बाळा. आधी मला उतरून बघू दे."

आईची परीक्षा अशी होती: तीन वेळा बसावयाचे, तीन वेळा उतरावयाचे, आणि तिसऱ्या वेळी कोणी हात द्यावयाचा नाही. या परीक्षेतून एक गोष्ट स्पष्ट झाली. बुटक्या मोटारीत माणसाला उतरावे लागते. जुन्या वळणाच्या थोरल्या जीपगाडीत चढावे लागते. आणि ज्या गाडीचे आसन कमरेच्या पातळीला येते, तीत नुसते सरकावे लागते. सांधे झिजलेल्या माणसाला या तीन क्रियापदांतील अंतर जेवढे कळते, तेवढे कोणत्याही व्याकरणकाराला कळणार नाही.

मात्र येथेच माझी चोरी पकडली गेली. परतताना सौभाग्यवतींनी आग्रहाने आणखी एका दुकानात नेले आणि आईला वॅगन-आरमध्ये बसविले. ही गाडी १९९९पासून आपल्याकडे आहे. दिसावयास डब्यासारखी, पण आसन उंच, दार प्रशस्त. आई तीत तीनही वेळा सुखाने बसली व उतरली. किंमत पुष्कळच कमी, आणि रुंदीही कमी. सौभाग्यवती माझ्याकडे पाहून काही बोलल्या नाहीत. आईच्या गुडघ्यांचा युक्तिवाद तेथे संपला होता.

मग मी दुसरे युक्तिवाद शोधू लागलो, आणि ते सापडतातच. आमच्याकडचा पावसाळा व त्यानंतरचे खड्डे. मेट्रोच्या कामाने अरुंद झालेला कल्याण-शिळ रस्ता. पाच माणसे बसल्यावर गतिरोधकाला घासणारा छोट्या गाडीचा तळ. तळ आणि जमीन यांत दोनशे मिलिमीटरांच्या आसपास अंतर असले तर या गोष्टींचा जाच निश्चित कमी होतो. गाडी उंच असली म्हणून ती नाव होत नाही, हेही खरेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा उंच गाड्यांचीही धडगत नव्हती. सुरक्षिततेचा मुद्दा अधिक वजनदार होता. टाटांच्या नेक्सॉनने २०१८ साली ग्लोबल एनकॅपच्या आघातचाचणीत प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाच तारे मिळविले. हिंदुस्थानात तयार झालेल्या मोटारीला ते प्रथमच मिळाले. त्यानंतर गिऱ्हाईक पत्र्याच्या मजबुतीविषयी प्रश्न विचारू लागले. आईला मागे बसवून महामार्गावरून जावयाचे, तर हा विचार गैरलागू नव्हता.

हे सारे खरे असले तरी मी स्वतःशी एक हिशेब मांडला आणि तो येथे जसाच्या तसा देतो. त्या उंचीतले पहिले चोवीस इंच आईचे होते. मधले दोन-तीन रस्त्याचे आणि पावसाचे. आणि उरलेले माझे. एवढे मान्य करून मी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतली. तिचे नाव सांगत नाही. जाहिरातीचा संशय येईल.

दिवाळीच्या पाडव्याला गाडी आली. चालवू लागलो तेव्हा त्या उंच आसनाचा एक गुण व एक दोष सारख्याच वेगाने ध्यानी आला. त्यावरून दूरचे उत्तम दिसते. जवळचे दिसत नाही. फडके रस्त्यावर चार वाहनांपलीकडचा सिग्नल मला दिसत होता, आणि बोनेटच्या अगदी पुढ्यातून गेलेले लहान मूल त्याच्या आईने किंकाळी फोडल्यावर दिसले. गाडी उभीच होती, म्हणून काही झाले नाही. परंतु त्या दिवसापासून मी गाडी हलविण्यापूर्वी मान पुढे काढून पाहतो.

चार दिवसांनी आईला घेऊन ठाण्याला निघालो. पूर्वी डोंबिवलीहून मोटारीने ठाण्याला जावयाचे म्हणजे शिळफाटा किंवा कल्याण-भिवंडी असा मोठा वळसा पडे. २०२४ साली मोठागाव-माणकोली पूल वाहतुकीस खुला झाल्यापासून खाडी ओलांडली की थेट नाशिक महामार्ग लागतो. पुलावर आईने काच खाली करावयास सांगितली. खाडीचे पाणी भरतीचे होते. ती म्हणाली, "एवढंच होतं होय रे ठाणं?"

नौपाड्यात पोहोचलो. आई नुसती सरकून खाली उतरली, कोणाचा हात न घेता. माझी छाती फुगली. आणि मग मी वर पाहिले. मावशीचे घर दुसऱ्या मजल्यावर, इमारत जुनी, उद्वाहक नाही. दीड महिना मी फितीने इंच मोजीत हिंडत होतो. ज्या जिन्याने जन्मभर चढलो-उतरलो त्याच्या छत्तीस पायऱ्या माझ्या हिशेबात कोठेच नव्हत्या!

मी ओशाळून आईकडे पाहिले. ती शांतपणे म्हणाली, "जिना मला ठाऊक होता रे. पण दारापर्यंत तर येता येईल, म्हणून बोलले नाही."

मावसभावाच्या दोन्ही मुलांनी मावशीला खुर्चीत बसवून खाली आणले. तीही मोटारीत सरकली. दारे लावली. एक अठ्ठ्याहत्तर वर्षांची, दुसरी ब्याऐंशी, मागच्या आसनावर एकमेकींचा हात धरून, "अक्का, तू किती गं वाळलीस!" येथून सुरुवात झाली. गल्ली अरुंद, गाडी रुंद. मागून येणाऱ्या वाहनांना वाट मिळेना. मी रस्त्यात उभा राहून एकेकाची क्षमा मागत होतो, हातवारे करून त्यांना कडेने काढून देत होतो. तो जो एक फूट मी दुसऱ्याच्या वाट्यातून घेतला होता, त्याचे व्याज त्या दिवशी भरीत होतो म्हणा ना.

पाऊण तास झाला तरी दार उघडले नाही. मी काचेवर टिचकी मारली, तेव्हा आईने आतूनच हात हलविला. अजून थोडा वेळ, अशी ती खूण होती.