काळी दोन

वर्षभर आम्ही फोनवर एकमेकांना सगळं सांगत असतो आणि तरी भाद्रपद उजाडेपर्यंत कुणाचं काहीच कळलेलं नसतं. कुणाची बदली झाली, कुणाचं ऑपरेशन पार पडलं, कुणाची सून बाळंत झाली, सगळं वेळच्या वेळी पोचतं. बातमी पोचते, माणूस पलीकडेच राहतो.

मग एका पहाटे गाडी राजापूर रोडला थांबते. १९९८ साली कोकण रेल्वे पुरती सुरू झाली आणि रात्रभर एसटीच्या खिडकीला डोकं टेकून घाटाची वळणं मोजण्याचे दिवस सरले. पण दार उघडल्याबरोबर अंगावर येणारी हवा तीच आहे, ओल्या लाल मातीची, कुजत्या पानांची, पोटरीला आलेल्या भाताची. तिच्यातून चालत घरी पोचावं तो पडवीत ओळीनं चपला, माजघरात नारळाच्या वाटणाचा वास, हळदीच्या पानांत वाफवलेल्या पातोळ्या, आणि मखराशेजारी गेल्या वर्षापेक्षा थोडे पांढरे, थोडे वाकलेले, थोडे उंच झालेले सगळे आपले. 'कशी आहेस?' 'बरी आहे.' एवढ्यावर तो विषय संपतो.

कळायला सुरुवात होते ती मृदंगापासून. भाद्रपदाच्या दमट हवेत त्याचं चामडं सैल पडलेलं असतं, थाप मारली तर ओल्या लाकडासारखा मुका आवाज येतो. माझा चुलतभाऊ त्याला चुलीपासून हातभर अंतरावर ठेवून फिरवत फिरवत शेकतो. मग मांडीवर आडवा घेऊन वादीखालच्या लाकडी गट्ट्यांवर हातोडीचे हलके ठोके देत जातो, एक ठोका, एक थाप, कान पुडीपाशी. शेवटी कणकेचा ओला गोळा डाव्या पुडीच्या मधोमध थापतो, बोटानं कडा सारख्या करतो, थोडी कणीक काढतो, पुन्हा थोडी लावतो. मी जवळ बसून पाण्याची वाटी धरते. या अर्ध्या तासात आम्ही काही बोलत नाही. पण यंदा त्याचा हात गट्ट्यावर थबकत होता, ठोका द्यावा की न द्यावा अशा विचारात, आणि मला उमगलं की याच्या मनावर कसलंतरी ओझं आहे. विचारलं नाही. वाटी धरून बसले. मग कणकेखालून तो खोल, गोल, पोटातून येणारा घुमारा उठला आणि घरातले सगळे ओटीवर आले.

पेटीवर आत्या बसते. आरत्या झाल्या, मंत्रपुष्पांजली झाली, झांजांचा कल्लोळ विरला, की भजनाला थोरले काका घसा खाकरतात आणि आत्या डाव्या हातानं भाता ओढून सूर देते. माझ्या लहानपणी काका काळी तीनमध्ये गायचे. त्यांचा वरचा षड्ज खळ्याच्या पलीकडे, माडांच्या पलीकडे, वाडीच्या शेवटच्या घरापर्यंत जायचा. पुढे कधीतरी ते खाली पांढरी चारवर आले. मग पांढरी तीन. यंदा आत्यानं कुणालाही न विचारता काळी दोनवर बोट ठेवलं. काकांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं, डोळे मिटले आणि त्या सुरात स्वतःला सोडून दिलं. आवाज लांब गेला नाही. पण तो इतका भरलेला होता, इतका आपल्या जागी बसलेला, की मागं टाळ धरणाऱ्यांचे हात आपोआप हलके झाले.

त्या दोघा भावंडांत वर्षाचं बोलणं एवढंच झालं. पुरेसं झालं.

कोपऱ्यात भाचा होता. गेल्या वर्षी सगळ्यांच्या वर जाणारा त्याचा आवाज आता फुटलाय; तो ओठ हलवत होता आणि गात नव्हता. एक आवाज खाली उतरत होता आणि एक अजून आपली जागा शोधत होता, आणि दोघांना एकाच ठेक्यावर मृदंग सांभाळून नेत होता.

तेरड्याची गौर बसली, जेवली, गेली. तिला निरोप दिल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सड्यावर जातो. उन्हाळ्यात तवा होणारा तो काळा जांभा आता पाण्यानं पाझरत असतो, आणि बोटभर मातीत फुलं: पांढऱ्या गेंदांचे ठिपके, मधूनच दवबिंदूची चिकट लाल पानं, आणि दूरवर, आभाळ खाली सांडावं तशी, सीतेची आसवं. गुडघे टेकून पाहिलं तर एकेक फूल नखाएवढं. या मातीत पोसायला फारसं काही नसतं. म्हणून सीतेच्या आसवांचं हे इवलं रोप ओलाव्यात दडवलेल्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव धरून जगतं आणि तरीही असं निळंजांभळं फुलतं. दसऱ्यापर्यंत सडा पुन्हा पिवळा पडेल.

चुलतभाऊ बोलला तो इथे. माझ्याकडे न पाहता, फुलांकडे पाहत. 'ताई, काजूची बाग विकावी म्हणतोय.' आणि मग चालता चालता सगळं, कर्ज, मुलाचं शिक्षण, रात्रीची न येणारी झोप. समोरासमोर बसून हे निघालं नसतं. शेजारी शेजारी चालणाऱ्या दोन माणसांची नजर एकाच गोष्टीवर असली, की मधली लाज गळून पडते.

अशाच एका सड्यावर, कशेळीला, सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे, त्याच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. आमच्या आजीसाठी असली चित्रं पांडवांनी काढलेली होती. कुणी कोरली, कशासाठी, ते त्या रेषा सांगत नाहीत. पण एवढा हत्ती एकट्याचं काम नाही. कुणीतरी रेघ धरली असेल, कुणी दगड मारला असेल, आणि ओणवं बसून खोदताना तीही माणसं एकमेकांना आपलं काही सांगत असतील, असं मला मनापासून वाटतं.

निघताना आत्यानं पेटीचं झाकण लावलं. 'पुढल्या भाद्रपदात पेटी तू घे,' ती म्हणाली. मी तिच्या बोटांकडे पाहिलं. सांध्यांना सूज होती. फोनवर हे तिनं कधी सांगितलं नव्हतं.

आता रोज संध्याकाळी मी भाता ओढते. बोटं वळायला लागली आहेत, चुकीचा स्वर आपला आपण कळतो आहे. कान मात्र अजून तयार व्हायचा आहे, आपल्या माणसाचा आवाज यंदा कुठं टेकतो हे न विचारता ओळखणारा कान. तो एकटीच्या रियाजानं येत नाही. त्यासाठी दर वर्षी जावंच लागतं.