सूट नको, पेपर द्या

तमिळनाडूतल्या मराठी मुलांना दहावीला तमिळच्या पेपरातून सूट मिळायला हवी, असं मी बरीच वर्षं मानत होते. मानत होते म्हणजे चारचौघांत ठासून सांगत होते आणि तशा अर्जांवर सह्याही करत होते. आता ते मत माझं राहिलेलं नाही. ते का बदललं हे लिहून ठेवावंसं वाटतं, कारण ज्या मुलांच्या नावाने आम्ही मोठी माणसं हे सगळं मागत होतो, त्यांना नेमकं काय हवंय हे आमच्यापैकी फारच थोड्यांनी विचारलं होतं.

आधी पार्श्वभूमी. तमिळनाडूने 2006 मध्ये तमिळ शिकणं सक्तीचं करणारा कायदा केला. पहिलीपासून एकेक इयत्ता पुढे सरकत तो दहावीपर्यंत पोचला, आणि 2016 च्या मार्चमध्ये परीक्षेला बसलेल्या मुलांपासून तमिळचा पेपर सगळ्यांना लागू झाला. त्याआधी ‘भाग एक’मध्ये, म्हणजे पहिल्या भाषेच्या पेपरात, तमिळऐवजी आपली भाषा घेता येत असे. तेलुगू, कन्नड, मल्याळम आणि उर्दू बोलणारे पालक कोर्टात गेले. मद्रास उच्च न्यायालयाकडून सवलती मिळत राहिल्या. 2023 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने भाषिक अल्पसंख्याक मुलांना आणखी एका वर्षापुरती सूट वाढवून दिली. ती बातमी वाचून मला खरोखर आनंद झाला होता.

आणि त्याच काळात, 2020 मध्ये, महाराष्ट्राने सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली तेव्हाही मला आनंद झाला होता. मुंबईत राहायचं तर मराठी यायलाच हवी, यात मला काही वावगं दिसत नव्हतं, आजही दिसत नाही. मग चेन्नईत राहणाऱ्या मुलाला तमिळ यायला हवी, एवढं साधं माझ्या गळी का उतरत नव्हतं? हा प्रश्न माझ्या मनात आपणहून आला नाही. तो साहुकारपेठेत आला.

जुन्या चेन्नईतली ही पेठ सोन्याचांदीची. तिथल्या गल्ल्यांत सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या बाजूची माणसं गलाईचा धंदा करतात. दुष्काळी पट्ट्यातून पोटासाठी बाहेर पडलेली ही माणसं आज देशभर आहेत, आणि हा धंदा त्यांनी हातांच्या भरवशावर उभा केला आहे. जुने दागिने मुशीत घालायचे, टाकणखार टाकायचा, भट्टी लावायची, सोनं आटवून शुद्ध करून द्यायचं. दुकान म्हणजे बहुतेकदा एक अरुंद खोली, काजळलेली भिंत आणि तेजाबाचा नाकात चढणारा वास. रविवारी दुपारी भट्टी थंड असते तेव्हा त्या मुलांना मी मराठी शिकवायला जाते.

त्यात एक मुलगी होती, त्या वर्षी दहावीला. मी तिच्या वडिलांना तमिळमधून सूट मागण्याच्या अर्जाबद्दल समजावत होते. ती शेजारी बसून ऐकत होती. मधेच म्हणाली, “काकू, सूट घेतली तर मग मी त्या जागी काय लिहू?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या शाळेत मराठी हा विषयच नव्हता. सूट मिळाली असती तर एक पेपर गेला असता आणि त्या जागी तिच्या ओळखीचं काहीच आलं नसतं. आणि गेला असता तो तिचा सगळ्यात आवडता पेपर. ती तमिळमध्ये वर्गात पहिली यायची. मैत्रिणींशी भांडायची तमिळमध्ये, गिऱ्हाइकांशी हिशोब बोलायची तमिळमध्ये. वडील म्हणाले, “ताई, पोरगी तमिळात हुशार हाय, त्याचं आमाला कौतुकच हाय. पर गावाकडं आजीला चार ओळी लिवता येत न्हाईत, त्याचं वाईट वाटतं.”

त्यांचं दुःख तमिळ असण्याचं नव्हतंच. मराठी नसण्याचं होतं. आम्ही अर्जदार मात्र इतकी वर्षं पहिलंच दुःख कागदावर मांडत आलो होतो.

हे एकदा डोक्यात शिरल्यावर मला बाकीच्या मुलांच्या तक्रारीही वेगळ्या ऐकू यायला लागल्या. चेन्नईत अकरावीला ‘ग्रुप’ घ्यावा लागतो. फर्स्ट ग्रुप म्हणजे गणित, भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र, दुसरा कॉम्प्युटरवाला, तिसरा कॉमर्सचा. या मुलीला नकाशांचं वेड. तिला गणित हवं होतं आणि सोबत भूगोल. राज्य मंडळाच्या बारावीच्या यादीत भूगोल आहे, इतिहास आहे, राज्यशास्त्रही आहे. तिच्या शाळेच्या फॉर्मवर त्यांतलं काहीच नव्हतं. आजूबाजूच्या शाळांत चौकशी केली, तिथेही तेच तीन ग्रुप. ती खूप रडली. पूर्वीची मी म्हणाले असते, होईल सवय, कॉमर्स काय वाईट आहे! त्या दिवशी मला तसं म्हणवलं नाही.

सीबीएसईच्या शाळेत गेलेल्या मराठी मुलांचंही वेगळं नाही. त्या मंडळाच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, तिला 009 हा क्रमांकसुद्धा आहे. पण मला माहीत असलेल्या इथल्या शाळा देतात तमिळ, हिंदी, संस्कृत, फार तर फ्रेंच. म्हणजे कायदा कुठला, मंडळ कुठलं, याच्याआधी शाळेच्या दारातच निवड संपते. शिक्षक नेमायचा तर पुरेशी मुलं हवीत, मुलं यायची तर आधी शिक्षक हवा. या अडवणुकीत शाळेचा दुष्टपणा नसतो, पण पंधरा वर्षांच्या मुलाला त्याने काय फरक पडतो? नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 पासून सांगतंय की कला आणि विज्ञान यांच्यातल्या भिंती काढा. तमिळनाडूने ते नाकारून 2025 मध्ये स्वतःचं धोरण आणलं, आणि त्यात अकरावीची बोर्डाची परीक्षा रद्द केली, हे चांगलंच झालं. पण भाषेवरून चाललेल्या दिल्ली-चेन्नईच्या भांडणात मुलांच्या फॉर्मवरचे रकाने वाढवण्याबद्दल कुणी तावातावाने बोलताना मला ऐकू आलं नाही.

दोन भाषा शेजारी नांदू शकतात, हे काही नवं नाही. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर तिथल्या मराठा राजांनी, सरफोजींनी, 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. तमिळ देवळावर मराठी शिलालेख, आणि कुणी कुणाला सूट मागितली नाही. मुंबई महापालिका आजही तमिळ माध्यमाच्या शाळा चालवते. एका भाषेशेजारी दुसरीला जागा करून देणं या दोन्ही राज्यांना चांगलं जमतं, जमलेलं आहे. म्हणून मी आता ज्या अर्जावर सही करते त्यात ‘वगळा’ हा शब्द नसतो. तमिळ राहू दे, तिच्या जोडीला मराठीचा ऐच्छिक पेपर द्या, आणि चार-पाच शाळांची मुलं मिळून एक शिक्षक नेमा, एवढंच असतं. आमच्यातल्या काहींना हे पटत नाही. इतकी वर्षं लढून हातात आलेली सवलत कशाला सोडायची, असं ते म्हणतात. त्यांचा राग मला कळतो, पण मी त्यांच्या बाजूने परत जाणार नाही.

त्या मुलीने शेवटी कॉमर्स घेतलं. मराठीचं मात्र आम्हाला एक दार सापडलं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माध्यमिक परीक्षेत मराठी हा विषय आहे, आणि तिथे पूर्ण परीक्षा न देता एखाद-दुसऱ्या विषयापुरताही प्रवेश घेता येतो. तिने तसा फॉर्म भरला आहे. अकरावीचा अभ्यास सांभाळून ती रविवारी वही घेऊन येते. तमिळ लिपीत क आणि ग यांना एकच अक्षर असल्यामुळे ‘गाव’ लिहायचं तर तिचा हात अजून ‘काव’ लिहितो, मग ती स्वतःच थांबून खोडते. परीक्षेत निबंधाला आजीवरच विषय येईल असं तिला वाटतं. तो नाही आला तरी काय लिहायचं, ते आम्ही सध्या बघतो आहोत.