बिनजामिनाचा

त्याला दार वाजवावं लागत नाही. एक तारखेला पगार खात्यात पडतो आणि दुपारच्या आत त्याचा निरोप मोबाइलवर येतो: तुमच्यासाठी पाच लाख रुपये मंजूर आहेत. तारण नको, जामीनदार नको, शाखेत खेपा नकोत. तो नावानं हाक मारतो, आदरानं बोलतो, वाढदिवस लक्षात ठेवतो. घाई मात्र कायमची. ऑफर आज रात्रीपर्यंतच असते. हो म्हटलं की काही मिनिटांत पैसे खात्यात. पर्सनल लोन हे त्याचं नाव, आणि पगारदार घरांत इतक्या थोड्या वर्षांत इतक्या सहज शिरलेलं दुसरं कुणी मला आठवत नाही.

त्याचे भाऊबंद वेगळ्या स्वभावाचे. गृहकर्ज सावकाश चालतं, घराचे मूळ कागद स्वतःच्या तिजोरीत ठेवतं आणि मग वीस वर्षं निवांत बसतं. सोनेतारण समोरासमोरचा व्यवहार करतं: पाटल्या काट्यावर, पैसे हातात. उद्या काही बिघडलं तर आपल्यापाशी काय आहे, हे त्या दोघांना ठाऊक असतं. याच्यापाशी तसं काही नसतं. म्हणून बुडवणाऱ्यांचा तोटा तो फेडणाऱ्यांच्या हप्त्यांतून भरून काढतो. चांगल्या पगाराच्या माणसाला बँकेत दहा-अकरा टक्के. पगार लहान किंवा नोकरी कच्ची असेल तर वित्त कंपनीत चोवीस टक्के आणि त्याच्याही वर. ज्याची गरज मोठी आणि आधार कमी, त्यालाच तो सगळ्यांत महाग पडतो.

तरी त्याला नुसता दुष्ट ठरवणं मला पटत नाही. ज्या बाईच्या नावावर घर नाही, शेत नाही, आणि अंगावरचं सोनं सासरच्या कपाटात आहे, तिला तारण मागणाऱ्या व्यवस्थेत जागाच नव्हती. नोकरी करणाऱ्या अशा कितीतरी बायकांनी स्वतःच्या सहीवर आयुष्यातलं पहिलं कर्ज घेतलं ते याच्याकडून. रात्री अकरा वाजता रुग्णालयाच्या काउंटरवर अनामत रक्कम मागितली जाते, तेव्हा तोच धावून येतो. पतसंस्थेची सभा त्या वेळी भरत नाही. मेहुण्याकडे किंवा मोठ्या भावाकडे हात पसरून पुढची दहा वर्षं त्याचं ऐकून घेण्यापेक्षा व्याज परवडलं, असं म्हणणारी माणसं खरं बोलत असतात. मानानं मिळणारा पैसा ही मोठी गोष्ट आहे आणि ती त्यानं दिली.

त्याची नजर मात्र मागेच बघते. तो बघतो गेल्या काही महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट आणि सिबिल. ३०० ते ९०० मधला तो आकडा म्हणजे आपण आजवर कसे वागलो याची नोंद. उद्या कंपनी टिकेल का, आपल्या धंद्याला गिऱ्हाईक येईल का, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा हॉटेलातल्या कॅशियरचं, टूर कंपनीतल्या बुकिंगवाल्याचं, मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाचं सिबिल उत्तमच होतं. दुसऱ्या दिवशीही ते उत्तमच राहिलं. पगार मात्र कुठे निम्म्यावर आला, कुठे बंद झाला. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं उत्पादन आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा २३.९ टक्क्यांनी आक्रसल्याचा पहिला सरकारी अंदाज आला. हप्त्याची तारीख जिथल्या तिथेच होती.

मंदीतच त्याचा खरा स्वभाव दिसला.

रिझर्व्ह बँकेनं २७ मार्चला हप्ते तीन महिने पुढे ढकलायची मुभा दिली आणि २२ मे रोजी ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. सिबिलवर याचा डाग पडणार नाही, असंही सांगितलं. चांगला निर्णय होता. त्या घबराटीत लाखो घरांना श्वास घेता आला. पण चाळीचाळींतून, सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून त्याचा अर्थ पसरला तो 'हप्ता माफ झाला' असा. माफ काहीच झालं नव्हतं. हप्ता थांबला होता, व्याज चालू होतं.

हिशेब एकदा मांडून पाहायला हवा, कारण त्या वेळी फार थोड्यांना कुणी तो मांडून दाखवला. समजा दोन लाखांचं कर्ज, १६ टक्के व्याज, ३६ महिने. हप्ता बसतो ७,०३१ रुपये. पहिल्या हप्त्यातले २,६६७ रुपये नुसतं व्याज. मुद्दल फिटतं ते ४,३६४. सहा हप्ते नियमित भरून झाल्यावर देणं उरतं सुमारे १ लाख ७२ हजार ९००. आता इथे सहा महिने हप्ता थांबवला. ऑगस्टअखेर देणं होतं सुमारे १ लाख ८७ हजार २००, म्हणजे १४,३०० रुपयांनी जास्त. हप्ता तोच ठेवला तर उरलेले ३० हप्ते संपत नाहीत. पुढे आणखी तीन पूर्ण हप्ते आणि चौथ्याचा एक तुकडा भरावा लागतो. सहा महिन्यांच्या विसाव्याची किंमत जवळजवळ २२ हजार रुपये, आणि ती भरायची कधी, तर पगार अजून पुरता परतला नसताना.

या व्याजावरच्या व्याजाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. सरकारनं ऑक्टोबर २०२० मध्ये दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर चक्रवाढ आणि सरळ व्याज यांतला फरक परत देण्याची योजना आणली. २३ मार्च २०२१ च्या निकालात न्यायालयानं ती सवलत रकमेची मर्यादा न ठेवता सगळ्यांना लागू केली. तत्त्व म्हणून निकाल महत्त्वाचाच. पण आपल्या उदाहरणात हा फरक किती येतो? सुमारे ४७० रुपये. वर्तमानपत्रांचे मथळे वाचून ज्यांना वाटलं की आता सुटलो, त्यांच्या खात्यात पडले ते एवढे. मला याची चीड येते. कुणी फसवलं असं नव्हे. पण आकड्यांत सांगता येण्याजोगी गोष्ट भल्यामोठ्या शब्दांत सांगितली गेली आणि ज्याला तिची सगळ्यांत जास्त गरज होती, त्याच्यापर्यंत आकडा पोचलाच नाही.

ज्यांनी मुभा मागितली नाही, किंवा मागायची कशी हेच ज्यांना कळलं नाही, त्यांच्या खात्यातून ठरल्या दिवशी पैसे ओढण्याचा प्रयत्न होतच राहिला. खात्यात शिल्लक नसली की हप्ता बाउन्स. त्याचा दंड कर्ज देणारा लावतो, आपली बँकही लावते, वर जीएसटी. कुठे सातशे-आठशे, कुठे हजाराच्या घरात. खिशात काही नाही म्हणून हप्ता बाउन्स झालेला माणूस त्या नाहीतूनच हे भरतो.

याच महिन्यांत त्याचे निरोप थांबले. फेब्रुवारीत पाच लाख मंजूर म्हणून मागे लागलेला तोच, जूनमध्ये 'सध्या आपल्यासाठी ऑफर उपलब्ध नाही' असं दाखवू लागला. पैसे देणाऱ्याच्या बाजूनं हे समजण्यासारखं आहे. ज्याचा पगार थांबला त्याला कोण देईल? पण महाराष्ट्रानं हे पूर्वी एकदा पाहिलेलं आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते ६५, तिकडचा कापूस थांबला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी दख्खनच्या कुणब्यांना हवं तेवढं कर्ज दिलं. युद्ध संपलं, भाव कोसळले, सरकारनं सारा वाढवला आणि नेमक्या त्याच वेळी सावकारांनी हात आखडला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोक उठले. त्यांचा रोख मुख्यतः कागदांवर होता: खतं, रोखे, हिशेबाच्या वह्या बाहेर काढून जाळल्या. पुढे चौकशी आयोग बसला आणि १८७९ चा कायदा आला. खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार त्यानं न्यायालयाला दिला.

२०२० मध्ये जाळायला कागद नव्हता. कर्ज सर्व्हरवर होतं.

आणि तिथूनच त्याच्या नात्यातला एक जण, झटपट कर्जाचं ॲप, पुढे आला; त्याच्याविषयी सौम्यपणे लिहिणं मला जमणार नाही. बँकेनं, वित्त कंपनीनं नाही म्हटलेल्या माणसाला तो फेसबुकवरच्या जाहिरातीत भेटला. आधार, पॅन, एक सेल्फी. सिबिल बघत नाही म्हणाला. पाच हजार मंजूर, 'प्रोसेसिंग फी' कापून हातात साडेतीन हजार, आणि सात दिवसांनी पूर्ण पाच हजार परत, अशा धाटणीचे व्यवहार त्या काळात सर्रास झाले. साडेतीन हजारांवर आठवड्याला दीड हजार म्हणजे एका आठवड्याचे जवळजवळ ४३ टक्के. ते फेडायला दुसरं ॲप, त्याचं फेडायला तिसरं.

इथे पतसंस्थेची आठवण काढायला हवी. पगारदार नोकरांच्या पतसंस्थेत कर्ज मागायला गेलं की दोन जामीनदार लागत. ते आपल्याच खात्यातले सहकारी. त्यांना विचारावं लागे, अडचण सांगावी लागे, कधी त्यांच्यापुढे ओशाळावं लागे. ते अर्जावर सही करत, आपण काय पत्करतोय हे ठाऊक असताना. कर्जदार अडला तर त्यांच्या पगारातून कपात होई, म्हणून तेही त्याच्यावर लक्ष ठेवत आणि वेळ पडली तर संचालकांकडे त्याच्यासाठी शब्द टाकत. जाच होता, पण तो ओळखीच्या माणसांमधला होता.

ॲपनं जामीनदार मागितला नाही. त्यानं फोनमधली नावांची यादी उघडायची परवानगी मागितली, आणि पैशांची निकड असलेल्या माणसानं 'अलाउ' दाबलं. त्या एका बोटानं आई, साडू, मुलीच्या वर्गशिक्षिका, कार्यालयातला साहेब, गावचा दूधवाला असे तीनशे-चारशे लोक न विचारता जामीन राहिले. हप्ता एक दिवस चुकला की त्यांना फोन जाऊ लागले. हा चोर आहे, असे संदेश फोटोसकट गेले. बायकांचे फोटो विद्रूप करून पाठवले गेले. तेलंगणात आत्महत्या झाल्या, डिसेंबर २०२० मध्ये हैदराबाद पोलिसांनी धरपकड केली, आणि २३ डिसेंबरला रिझर्व्ह बँकेनं अनधिकृत ॲपपासून सावध राहण्याचं पत्रक काढलं. पुढे नेमलेल्या कार्यगटाला भारतीय वापरकर्त्यांपुढे कर्ज मांडणारी सुमारे ११०० ॲप सापडली. त्यांतली ६०० बेकायदा होती.

तारण नको म्हणणाऱ्यानं घेतलं होतं ते माणसाचं नाव. घर गेलं तर भाड्यानं मिळतं. चारचौघांत गेलेलं नाव घेऊन मुलीच्या शाळेच्या दारात उभं राहायचं कसं, याचं उत्तर कुठल्या कार्यगटाकडे नव्हतं.

त्याच संकटात पर्सनल लोनचं वेगळं वागणंही दिसलं. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, जून २०२१ मध्ये, स्टेट बँकेनं उपचारांसाठी 'कवच' नावाचं बिनतारण कर्ज काढलं: पंचवीस हजार ते पाच लाख, साडेआठ टक्के, पाच वर्षांची मुदत, त्यातले पहिले तीन महिने हप्ता नाही. म्हणजे बिनजामिनाच्याला माणसासारखं वागता येतं. दर खाली येऊ शकतो, पहिले महिने मोकळे ठेवता येतात. कुणाच्या ताळेबंदात तो जन्माला येतो आणि त्याच्यावर नजर कुणाची आहे, यावर त्याचं वागणं ठरतं.

नजर उशिरा आली, पण आली. रिझर्व्ह बँकेच्या २ सप्टेंबर २०२२ च्या नियमांनी कर्जाचे पैसे थेट कर्जदाराच्याच खात्यात जायला हवेत असं ठरवलं, फोनमधल्या नावांना आणि फोटोंना हात लावायला मनाई केली, आणि पस्तावलेल्याला दंडाशिवाय कर्ज परत करायला काही दिवस दिले. त्याआधीच्या महिन्यात, ऑगस्टमध्ये, वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला बंदी घालणारं पत्रक निघालं होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये बिनतारण ग्राहककर्जांवरचा जोखीमभार १०० वरून १२५ टक्क्यांवर नेला, म्हणजे अशा प्रत्येक कर्जामागे बँकेला स्वतःचं भांडवल जास्त अडकवून ठेवावं लागतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जासोबत एक तथ्यपत्रक द्यावं लागतं. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर एका आकड्यात लिहिलेला असतो. बेकायदा ॲप मात्र नाव बदलून परत येतात आणि त्यांना यातलं काही लागू होत नाही.

ज्यांची पडझड झाली, त्यांतले पुष्कळ जण आज सावरले आहेत. थकलेल्या रकमेत तडजोड करून, मिळेल तिथून पैसे जमवून त्यांनी कर्ज मिटवलं. सिबिलच्या अहवालात त्यापुढे 'सेटल्ड' असा शेरा आहे. पूर्ण फेडलेल्यापुढे 'क्लोज्ड' असतो. घर घ्यायला गेल्यावर बँकेतला अधिकारी त्या शेऱ्यावर थांबतो आणि विचारतो. टाळेबंदीत हॉटेल बंद झालं होतं, हे सांगायला त्या अहवालात रकाना नाही.

तथ्यपत्रकातही एक ओळ नाही. दर आहे, शुल्क आहेत, उशिराचा दंड आहे, तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव आहे. पगार थांबला आणि सहा महिने हप्ता भरता आला नाही, तर या कर्जाचे पुढे किती हप्ते वाढतील आणि किती रुपये जास्त जातील, हे त्यात लिहिलेलं नाही. यंत्राला ते काढायला क्षणभरही लागणार नाही. मंजुरीचा निरोप ज्या पडद्यावर येतो, त्याच पडद्यावर, 'हो' म्हणण्याच्या बटणाच्या वर, तो आकडा छापायला लावावा अशी मागणी रिझर्व्ह बँकेकडे करायला हवी, आणि ती पुढच्या मंदीच्या आधी करायला हवी.