मंगळयानाला इंधन कशासाठी लागत होते?

३ ऑक्टोबर २०२२ रोजी इस्रोने मंगळयानाची मोहीम संपल्याचे जाहीर केले. इंधन संपले असावे आणि त्यामुळे वीजनिर्मितीसाठी यानाला योग्य दिशेला रोखून धरता आले नसावे, असा निवेदनाचा आशय होता. यातला दिशेविषयीचा भाग सहज नजरेतून सुटतो. मंगळाभोवती फिरत राहण्यासाठी इंधन लागत नाही, आणि वळण्यासाठी तर यानात विजेवर फिरणारी चार चाके, म्हणजे रिअॅक्शन व्हील्स, होती. मग इंधन जात कुठे होते?

अवकाशात पाय रोवायला जमीन नसते. मोटारीने चाक एका दिशेने फिरवले की यान उलट दिशेने वळते, कारण दोघांच्या कोनीय संवेगाची बेरीज कायम राहते. यानाचे जडत्व आघूर्ण चाकाच्या दहा हजार पट आहे असे समजू. चाकाचे २,५०० फेरे झाले की यान पाव फेरा, म्हणजे ९० अंश, वळेल आणि चाक थांबताच तेही थांबेल. पाठ्यपुस्तकांतली हात मिटून गिरकी वाढवणारी नर्तकी इथे फारशी उपयोगाची नाही. ती आधीच फिरत असते. यानाला मात्र स्थिर अवस्थेतून वळून पुन्हा स्थिर व्हायचे असते. फिरत्या खुर्चीवर बसून हातातले सायकलचे चाक फिरवणारा विद्यार्थी अधिक जवळचा.

अडचण येते ती बाहेरून. सूर्यप्रकाशालाही दाब असतो. मंगळापाशी, प्रकाश शोषणाऱ्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर तो सुमारे दोन मायक्रोन्यूटन भरतो. हा रेटा नगण्य वाटतो, पण मंगळयानाचे सौरपंख एकाच बाजूला होते, त्यामुळे तो यानाला सतत किंचित वळवू पाही. ते वळण चाके स्वतःवर घेत आणि त्यांचा वेग वाढत जाई. कमाल वेग गाठलेले चाक आणखी काही घेऊ शकत नाही. त्याला ब्रेक लावावा, तर साठलेला सगळा संवेग यानात उतरतो आणि यानच फिरू लागते. तो बाहेर कुणाला तरी द्यावाच लागतो.

पृथ्वीजवळच्या अॅस्ट्रोसॅटला ही सोय आहे. त्याच्या कुंडलांतून वीज वाहिली की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार मिळतो आणि चाकांवरचा भार उतरवता येतो. मंगळाला असे ग्रहव्यापी क्षेत्र नाही. तिथे उरतात ते थ्रस्टर, आणि त्यांना इंधन हवे.

जानेवारी २०१७ मध्ये दीर्घ ग्रहण टाळण्यासाठी कक्षा बदलताना सुमारे २० किलो इंधन खर्ची पडले. उरले १३ किलो. सहा महिन्यांसाठी आखलेल्या त्या यानाने त्यानंतरही पाच वर्षे काढली. एप्रिल २०२२ मधल्या दीर्घ ग्रहणानंतर त्याचा संपर्क तुटला. सौरपंख सूर्याकडे वळले नाहीत तर वीज मिळत नाही, आणि वळवणारी चाके त्याच विजेवर चालत होती.