मागचं चाक

गाडी कुठे जाणार हे पुढचं चाक ठरवतं, असं आपण धरून चालतो. पुण्याच्या मंडईजवळ वाढल्यामुळे मला मात्र आधी मागचं चाक बघायची सवय लागली, कारण ओझं त्याच्यावर असायचं. १८८६ साली उघडलेल्या त्या अष्टकोनी दगडी इमारतीभोवती माझ्या लहानपणी सायकलींची दाटी असे. बहुतेकींच्या कॅरिअरवर बटाट्याचं पोतं नाहीतर कांद्याची गोण. आमच्या खानावळीची भाजी वडीलही तशीच आणत.

ओझ्यानं स्पोक ढिले पडत, चाकाला आउट येई, म्हणजे ते डुलत फिरे. बोळातला सायकलवाला सायकल उलटी करून चाक फिरवी आणि रिमजवळ खडू धरी. खूण उमटेल तिथे त्या बाजूचे स्पोक जरा सैल, समोरच्या बाजूचे घट्ट, तेही पाव-पाव फेरा. आउट निघाला की चाक बसवताना फ्रेमपासूनचं दोन्हीकडचं अंतर तो बोटानं मोजायचा. चाक सरळ असणं आणि गाडीत सरळ बसलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तिथे कळलं.

पुढे मोटारसायकल आली. चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आणायच्या. एकीकडचा नट जास्त पिळला की चाक तिरकं बसतं आणि गाडी एका अंगाला ओढते. मग मारुती ८०० घेतली. तिचा मागचा अ‍ॅक्सल अखंड, त्यामुळे अलाइनमेंटवाला पुढचीच चाकं जुळवायचा. मागचं चाक माझ्या मनातून जवळजवळ गेलं.

ते परत आणलं पुतण्याच्या स्कोडा लॉरानं. त्यानं आखूड स्प्रिंग टाकून ती खाली घेतली होती. गाडी दिसायची देखणी, पण काही महिन्यांत मागचे दोन्ही टायर आतल्या काठाला तारेपर्यंत झिजले, आणि बाहेरून नवे दिसत राहिले. "काका, अलाइनमेंट तर केलंय," तो म्हणाला. केलं होतं ते फक्त पुढचं.

या गाडीत मागची चाकं स्वतंत्र दांड्यांवर असतात. गाडी खाली आली की दांड्यांचे कोन बदलतात. चाकाचा माथा आत कलतो, हा कँबर. चाकाचं तोंडही सरळ रेषेतून सरकतं, तो टो. टायर खातो मुख्यतः टो, आणि कलण्यामुळे ती सगळी झीज आतल्या काठावर येते. दोन्हीकडचा टो सारखा नसेल तर मागची चाकं गाडीला तिरकं ढकलतात, आणि स्टिअरिंग वाकडं धरावं तेव्हा ती सरळ जाते.

आम्ही क्रमानं गेलो. आधी उंची कायम केली. दांड्यांचे बोल्ट सैल करून गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा आवळले. चाकं लटकत असताना आवळले, तर रबरी बुश पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. मूळ बोल्टांनी कँबर पुरेसा कमी होईना, म्हणून लांबी कमीजास्त करता येणाऱ्या दांड्या घातल्या. मग मशिनवर मागचा कँबर, त्यानंतर मागचा टो, आणि पुढची चाकं सगळ्यात शेवटी. बऱ्याच छोट्या गाड्यांत मागचा बीम एकसंध असतो. तिथे फिरवायला काही नसतं. हबमागे पातळ शिम घालतात, बीम वाकला असेल तर बदलतात.

मंडईजवळच्या जुन्या आर्यन टॉकीजच्या जागी आता वाहनतळ आहे आणि पुतण्या तिथेच गाडी लावतो. मंडईत यायचं वाहन बदललं, मागच्या चाकाचं काम तेच राहिलं. ते वळत नाही, म्हणून दुर्लक्षित राहतं. पण गाडीची सरळ रेषा या न वळणाऱ्या चाकांनीच आखलेली असते. पुढची चाकं तिच्या आधारानं वळतात.

गाडी खाली घेतली असेल, तर मागच्या टायरचा आतला काठ आज बॅटरी लावून बघा. तार दिसली तर टायर लगेच बदला. पावसात, घाटात मागचं चाक घसरलं तर सावरणं फार अवघड असतं. आणि अलाइनमेंट चारही चाकांचं, मागून सुरुवात करून घ्या. मोजमापांचा कागद मागितल्याशिवाय पैसे देऊ नका.