परदेशस्थाचें दिंडोरींतील घर

नाशिकाहून उत्तरेस सुमारें २५ किलोमीटरांवर दिंडोरी लागते. सुरतेहून परतणाऱ्या शिवाजीमहाराजांनीं १६७० सालीं पाठलागावर आलेल्या दाऊदखानास याच परिसरांत हरविलें. आज तेथें द्राक्षांचे मांडव पसरलेले दिसतात.

आम्ही गेलों होतों तें एका स्नेह्यांचा वडिलोपार्जित वाडा पाहण्यास. थोरले बंधु परदेशीं, धाकटे नाशकांत, बहीण सासरीं. दलालानें गिऱ्हाईक आणलें, भाव ठरला. बहिणीला मात्र कोणीं विचारलेंच नव्हतें! व्यवहार तिच्या सहीवांचून अडला. मुलगी विवाहित असली तरी २००५ च्या दुरुस्तीनें तिला जन्मतःच समान वांटा आहे.

मग विक्री दलालामार्फत करावी कीं स्वतः? दलालानें गिऱ्हाईक खुशाल आणावें; मुखत्यार मात्र घरांतलाच असावा. मुखत्यारपत्र परदेशांतील भारतीय वकिलातींत करून, तें महाराष्ट्रांत पोहोंचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांकशुल्क भरावें. नुसत्या मुखत्यारपत्रानें मालकी जात नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं स्पष्ट केलें आहे. नोंदविलेलें खरेदीखतच हवें. शिवाय विक्रेता अनिवासी असल्यास खरेदीदारास प्राप्तिकर कापूनच रक्कम द्यावी लागते. हें भाव ठरवितांनाच बोलून घ्यावें.

दलाल शोधण्यापूर्वीं भावंडांनीं एकदां ओसरीवर एकत्र बसावें, हें उत्तम. वाडा गेला तरी बहिणीचें माहेर राहावें, एवढी तजवीज त्या बैठकींत सहज होते.